आधी स्वतः उतरलेला माणूस : एअर कमोडोर मेहरसिंग

स्मरणिका समितीने मला बँकेतल्या आठवणी लिहायला सांगितलं होतं. पण त्या मी आपल्या कट्ट्यावर इतक्या वेळा सांगून झाल्या आहेत की छापून आल्या तर लोक पान उलटून थेट जाहिरातींवर जातील. म्हणून समितीची परवानगी घेऊन विषय बदलला. हा विषय मला आपल्या लेहच्या सहलीत मिळाला.

सहलीला आलेल्या मंडळींना ती सकाळ आठवत असेल. दिल्लीहून पहाटेचं विमान, खाली पांढरे शुभ्र डोंगर, आणि मग एकाएकी विमान कुशीवर वळून दोन तपकिरी डोंगरांच्या मधे शिरलं. ए विंगमधल्या वहिनींनी रामरक्षा सुरू केली ती चाकं टेकेपर्यंत. उतरल्यावर आपल्याला पहिली सूचना काय मिळाली? पडून राहा. दोन दिवस जिना चढू नका, भराभर चालू नका. बंद केबिनमध्ये हवेचा दाब सांभाळलेला, डोक्यावर ऑक्सिजनचे मुखवटे तयार, वैमानिकापुढे रडार आणि नकाशे, इतक्या सगळ्या सोयींनी आलेले आपण, तरी अर्ध्या लोकांचं डोकं दुखत होतं.

तिसऱ्या दिवशी आपण विमानतळाजवळचं लष्कराचं हॉल ऑफ फेम संग्रहालय पाहिलं. तिथे १९४८ सालच्या लढाईचा विषय निघाला आणि माझ्या मनात आलं, या जागेवर सगळ्यात आधी विमान कोणी उतरवलं असेल? तेव्हा रडार नव्हतं, या वाटेचा नकाशा नव्हता आणि धावपट्टी तर धड वाळलीही नसेल. घरी आल्यावर वाचनालयातून पुस्तकं आणली, थोडं इकडून तिकडून वाचलं आणि एका माणसाच्या मागे लागलो. त्यांचं नाव एअर कमोडोर मेहरसिंग, डीएसओ, महावीर चक्र.

हवाई दलात त्यांना मेहरबाबा म्हणत. आपल्याकडे हे नाव उच्चारलं की लोकांना नगरजवळचं मेहेराबाद आठवतं. मी कट्ट्यावर पहिल्यांदा विषय काढला तेव्हाही एकाने हात जोडले होते. हे बाबा वेगळे. ज्यांच्या आयुष्यात मौनाला फारशी जागा नव्हती, सतत इंजिनाचा आवाजच होता, असे.

त्यांचा जन्म २० मार्च १९१५ चा, पंजाबातल्या लायलपूर भागातला. आज ते गाव पाकिस्तानात आहे आणि त्याचं नाव फैसलाबाद झालं आहे. लायलपूरला आणि लाहोरला शिक्षण झालं. पदवीचा अभ्यास चालू असतानाच त्यांची निवड इंग्लंडमधल्या क्रॅनवेल इथल्या हवाई दलाच्या महाविद्यालयात झाली. त्या वेळी भारतीय हवाई दल म्हणजे केवढं? ८ ऑक्टोबर १९३२ ला कागदावर स्थापना आणि १ एप्रिल १९३३ ला कराचीजवळ ड्रिघ रोड इथे पहिली स्क्वाड्रन. भारतीय वैमानिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, विमानं चार. नवीन शाखा उघडताना एक मॅनेजर, एक कॅशियर आणि एक शिपाई एवढ्यावर जशी सुरुवात व्हायची तसलाच प्रकार. १९३६ साली मेहरसिंग अधिकारी होऊन परत आले आणि याच पहिल्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाले.

तेव्हाचं विमान होतं वापिती. दुहेरी पंखांचं, उघड्या बैठकीचं, पुढे वैमानिक आणि मागे बंदूकधारी. वायव्य सरहद्दीवर वझिरिस्तानात टोळीवाल्यांशी इंग्रजांच्या चकमकी चालू असत. तिथल्या दऱ्या इतक्या अरुंद की कधीकधी टोळीवाले डोंगराच्या कड्यावर बसून खालून जाणाऱ्या विमानावर वरून गोळ्या झाडत. अशाच एका कामगिरीत मेहरसिंगांच्या इंजिनाला गोळ्या लागल्या. विमान त्यांनी डोंगरउतारावर कसंबसं आदळत उतरवलं. ते आणि मागचा बंदूकधारी दोघंही वाचले. पुढची खरी परीक्षा जमिनीवर होती, कारण मुलूख शत्रूचा आणि लोक शोधायला निघालेले. अंधाराचा फायदा घेत, लपतछपत दोघं लष्कराच्या चौकीपर्यंत पोचले. त्यानंतर मेहरसिंगांनी रजा वगैरे घेतली नाही, लगेच पुन्हा उड्डाणाला लागले. या प्रसंगाबद्दल त्यांना पदक मिळालं असं माझ्या वाचनात नाही. पण माणूस कसा होता ते इथेच कळतं.

आता दुसरं महायुद्ध. डिसेंबर १९४२ मध्ये त्रिचनापल्लीला सहावी स्क्वाड्रन नव्याने उभी राहिली आणि तिचे पहिले प्रमुख म्हणून मेहरसिंगांना नेमलं. वय सत्तावीस. विमानं हरिकेन. ही लढाऊ विमानं, पण या स्क्वाड्रनकडे काम दिलं होतं टेहळणीचं. म्हणजे शत्रूच्या प्रदेशावरून झाडांच्या शेंड्यांना घासत जायचं, फोटो काढायचे, रस्ते, पूल, होड्या, तळ यांची नोंद ठेवायची आणि जिवंत परत यायचं. लढाऊ वैमानिकाला आकाशात शत्रू दिसला की त्याच्यावर तुटून पडायची ओढ असते. टेहळणीवाल्याने तसं करायचं नसतं, कारण तो पडला तर फोटोही पडले. शिवाय शत्रूची किती विमानं पाडली हा आकडा त्याच्या नावावर कधीच लागत नाही. म्हणजे कौतुकाच्या दृष्टीने तोट्याचा धंदा.

मेहरसिंगांनी या कामाची एक शिस्त बसवली. दोन-दोन विमानांनी जायचं. पुढच्याने जमीन पाहायची, मागच्याने मागेपुढे, वर-खाली वळणं घेत फक्त आकाश पाहायचं. जो जमिनीकडे बघतोय त्याने दुसऱ्याच्या डोळ्यांवर जीव सोपवायचा. नोव्हेंबर १९४३ च्या सुमारास स्क्वाड्रन ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर, कॉक्स बाझार भागात गेली. समोर आराकानचं जंगल आणि त्यात जपानी सैन्य. फेब्रुवारी १९४४ मध्ये जपान्यांनी आराकानात मोठी चढाई केली आणि सातव्या भारतीय डिव्हिजनला मागून वळसा घालून वेढलं. पूर्वी अशा वेळी वेढलेलं सैन्य जंगलातून माघार घेत असे. या वेळी माघार घेतली नाही. जागेवरच पाय रोवून राहिले आणि अन्न, दारूगोळा, औषधं डाकोटा विमानांतून छत्रीने खाली टाकली गेली. जपान्यांना वाटलं होतं उपासमारीने दहा दिवसांत संपतील. झालं उलटं, उपाशी जपानीच राहिले.

या सगळ्या काळात खालच्या सैन्याला डोंगरापलीकडचं दिसत होतं ते सहाव्या स्क्वाड्रनच्या हरिकेनांमुळे. त्यांना चौदाव्या सेनेचे डोळे म्हणत असत. जपानी लढाऊ विमानं वरून झडप घालायची आणि टेहळणीला गेलेली काही पोरं परत आली नाहीत. मेहरसिंग प्रमुख होते, तळावर बसून हुकूम दिले असते तर कोणी बोट दाखवलं नसतं. पण अवघड कामगिरीवर जाणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव असेच, आणि सगळ्यांच्या आधी असे.

मार्च १९४४ मध्ये त्यांना डीएसओ जाहीर झाला. इथे थोडं पदकांविषयी सांगतो, कारण मला स्वतःला यातला फरक माहीत नव्हता आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना नसेल. वैमानिकाने शत्रूविरुद्ध उड्डाण करताना शौर्य दाखवलं तर इंग्रज राजवटीत डीएफसी हे पदक मिळे. ते वैयक्तिक पराक्रमाचं. आपल्या लोकांना ते बऱ्यापैकी मिळाली. त्याच वर्षी इम्फाळच्या लढाईत पहिल्या स्क्वाड्रनचे प्रमुख अर्जनसिंग, जे पुढे आपले हवाईदल प्रमुख आणि शेवटी मार्शल झाले, त्यांच्या छातीवर खुद्द माउंटबॅटननी डीएफसी लावलं. जंबो मजुमदारांना तर ते दोनदा मिळालं. दुसऱ्यांदा मिळालं की नवीन पदक देत नाहीत, त्याच फितीवर एक आडवी पट्टी लावतात. हे मजुमदार फेब्रुवारी १९४५ मध्ये लाहोरला विमानांच्या कसरतींचा सराव करताना गेले. युद्धातून वाचलेला माणूस असा सरावात गेला. विषयांतर झालं, पण त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही.

डीएसओ हा वेगळा. सोनेरी कडेचा पांढरा मिन्याचा क्रॉस, किरमिजी फीत आणि तिच्या दोन्ही कडांना निळा पट्टा. हा साधारणपणे वरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याला, लढाईत तुकडीचं नेतृत्व कसं केलं त्यासाठी मिळे. त्या युद्धात भारतीय हवाई दलातल्या एकाच अधिकाऱ्याला तो मिळाला आणि ते मेहरसिंग. म्हणजे त्यांचं पहिलं मोठं पदक एखाद्या दिवसाच्या धाडसासाठी नव्हतं. महिनोन्‌महिने एक तुकडी कशी चालवली, माणसं कशी राखली आणि त्यांच्यापुढे स्वतः कसे उडाले, यासाठी होतं. बँकेच्या भाषेत बोलायचं तर एका दिवसाच्या डिपॉझिटवर नव्हे, सरासरी शिलकीवर.

मग १९४७ आलं. फाळणीत टेबलं, टाइपरायटर, बँडची वाद्यं यांची वाटणी झाली तशी स्क्वाड्रनांचीही झाली. ज्या सहाव्या स्क्वाड्रनसाठी मेहरसिंगांनी आराकानात रक्त आटवलं, ती पाकिस्तानच्या वाट्याला गेली. जन्मगावही तिकडे गेलं. छातीवरचा डीएसओ तेवढा इकडे राहिला. तो ज्या राजाच्या नावाने मिळाला होता त्याचं राज्यही गेलं. या तिन्ही गोष्टींचं त्यांना काय वाटलं असेल हे मी कल्पनेने लिहिणार नाही. विचार करायलाही वेळ मिळाला नसेल, कारण ऑक्टोबरच्या शेवटी काश्मीर पेटलं.

२७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटची पहिली तुकडी डाकोटांतून श्रीनगरला उतरली, तो इतिहास सगळ्यांना माहीत आहे. हवाई दलाची विमानं कमी पडली तेव्हा खासगी कंपन्यांची प्रवासी डाकोटा विमानं खुर्च्या काढून वापरली. श्रीनगर वाचलं. जम्मू-काश्मीरच्या मोहिमेसाठी हवाई दलाचा जो खास गट उभा केला त्याची सूत्रं मेहरसिंगांकडे आली. आता ते एअर कमोडोर होते, वय बत्तीस. आपल्या वेळी बँकेत त्या वयात माणूस दुसऱ्या श्रेणीची वाट बघत असायचा.

श्रीनगरविषयी खूप लिहिलं गेलं आहे, पूंछविषयी त्या मानाने कमी. म्हणून इथे थोडा थांबतो. नोकरीत असताना माझी दोन वर्षं जम्मूला बदली होती. पूंछ शहर एका खोलगट खोऱ्यात आहे, चारी बाजूंना डोंगर. नोव्हेंबर १९४७ मध्ये टोळीवाल्यांनी आणि त्यांच्यामागच्या पाकिस्तानी फौजेने हे डोंगर धरले आणि शहराला वेढा पडला. आत प्रीतमसिंग यांच्या हाताखाली थोडंसं सैन्य आणि आजूबाजूच्या गावांतून जीव वाचवून आलेले हजारो निर्वासित. आकडा चाळीस हजारांच्या घरातला सांगतात. धान्य संपत आलेलं, रस्ते तुटलेले, थंडी तोंडावर.

विमान उतरेल अशी जागा असेल तरच हे लोक वाचणार होते. मग शहरातच जागा निवडून धावपट्टी करायला घेतली. सैनिकांबरोबर निर्वासित बायका, म्हातारे, पोरं सगळे दगड उचलायला लागले. वरून डोंगरावरून गोळीबार चालूच. काही दिवसांत पट्टी तयार झाली. पण कशी? आखूड, कच्ची, तीन बाजूंनी ओढ्या-नद्यांचं पात्र आणि उतरताना एकदम सूर मारल्यासारखं खाली यावं लागे. जरा लांब गेलं तर विमान पाण्यात, जरा अलीकडे टेकलं तर कड्यावर. चुकलं तर पुन्हा वर उठून फेरी मारायला डोंगर जागा देत नव्हते.

डिसेंबर १९४७ मध्ये तिथे पहिलं डाकोटा उतरलं आणि ते मेहरसिंग स्वतः चालवत होते. गटाचा प्रमुख असलेला एअर कमोडोर. विमानात त्यांचे ज्येष्ठ सहकारी सुब्रतो मुखर्जी होते, जे पुढे आपले पहिले भारतीय हवाईदल प्रमुख झाले. म्हणजे विमान गेलं असतं तर नव्या देशाच्या हवाई दलातली दोन मोठी माणसं एकदम गेली असती. हिशेबी माणूस म्हणून मला हे अजूनही खटकतं. जोखीम अशी एका टोपलीत ठेवू नये, हे आम्ही कर्जखात्यात आयुष्यभर शिकवलं. पण दुसरी बाजूही आहे. त्या पट्टीवर अमुकच वजन उतरवता येईल असा अंदाज होता एका टनाचा. मेहरसिंगांनी तीन टन घेऊन विमान उतरवून दाखवलं. आता बावीस-तेवीस वर्षांच्या वैमानिकाला त्याच पट्टीवर जा म्हणून सांगताना ते काही ऐकीव सांगत नव्हते. तो वैमानिकही मग काय बोलणार? साहेब स्वतः जाऊन आलेत, तेही तिप्पट वजन घेऊन.

त्यानंतर डाकोटांची रांगच लागली. जाताना पीठ, मीठ, औषधं, दारूगोळा. येताना जखमी, म्हातारे, बायका, मुलं. शत्रूने डोंगरावर तोफा आणून पट्टीवर मारा सुरू केला तेव्हा उत्तर द्यायला आपल्याही तोफा आत न्यायला हव्या होत्या. त्या २५ पौंडी तोफा डाकोटांतून, रात्री, धावपट्टीच्या कडेला तेलाचे दिवे लावून उतरवल्या. बाकी दिशा दाखवायला काही नाही. दिवाळीला आपण गच्चीच्या कठड्यावर पणत्या लावतो तेव्हा वाऱ्याने दर दोन मिनिटांनी एक विझते. तसल्या दिव्यांच्या भरवशावर तोफ भरलेलं विमान उतरवायचं.

डाकोटा हे मुळात माल आणि माणसं वाहणारं साधं विमान. मेहरसिंगांनी त्याच्यातून बाँब टाकण्याचीही व्यवस्था करवली. उघड्या दारातून बाँब ढकलून द्यायचे. लढाऊ विमान डोंगरात जास्त वेळ घोटाळू शकत नाही, डाकोटा तासन्‌तास घिरट्या घालू शकतो, असा तो सरळ विचार. आराकानात त्यांनी पाहिलं होतं की वेढलेलं सैन्य आकाशातून जगवता येतं. माझं मत असं की पूंछमध्ये त्यांनी जे केलं त्याचं मूळ तिथे आहे. पूंछचा वेढा नोव्हेंबर १९४८ मध्ये जमिनीवरून सैन्य पोचल्यावर उठला. जवळजवळ एक वर्ष एक अख्खं शहर त्या आखूड पट्टीवर जगलं.

आता लेह. १९४८ च्या मे महिन्यात कारगिल शत्रूच्या हाती गेलं आणि लेहचा श्रीनगरशी असलेला रस्ता तुटला. लेहमध्ये होते मूठभर सैनिक. लाहौलचे पृथ्वीचंद आणि त्यांच्याबरोबरचे डोग्रा जवान फेब्रुवारीच्या भर बर्फात झोजी ला खिंड पायी ओलांडून तिथे पोचले होते. नुसत्या या चालीवर एक वेगळा लेख होईल. त्यांच्याबरोबर गेले होते सोनम नोर्बू नावाचे लडाखी इंजिनिअर. त्यांनी सिंधूच्या काठाजवळ स्थानिक लोकांना हाताशी धरून धावपट्टी तयार केली. बुलडोझर, रोलर काही नाही, फावडी आणि टोपल्या. हे काम तेरा हजार रुपयांच्या आत बसवलं आणि उरलेले पैसे परत केले असं सांगतात. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक आठवा आणि त्याचं अंतिम बिलही आठवा. मी त्या वेळी खजिनदार होतो, म्हणून अधिक बोलत नाही.

पट्टी झाली, पण तिथपर्यंत विमान जाऊ शकतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या मार्गावरून कोणी गेलेलं नव्हतं. झोजी ला, फोटू ला या खिंडी आणि आजूबाजूची शिखरं ओलांडायला विमान २३-२४ हजार फुटांवर न्यावं लागणार होतं. डाकोटाची तीच शेवटची मर्यादा. तेवढ्या उंचीवर त्याच्या इंजिनात जोर राहत नाही. पंखांवर बर्फ धरलं तर काढायची सोय विमानात नव्हती. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नव्हती. आणि उतरायचं होतं अकरा हजार फुटांच्या आसपास, जिथे विरळ हवेमुळे विमान नेहमीपेक्षा कितीतरी वेगाने जमिनीला टेकतं. एकदा उतरल्यावर परत उठता येईल का, हाही प्रश्नच. म्हणून तिथे इंजिन बंद करायचीसुद्धा भीती.

या वेळीही मेहरसिंगांनी दुसऱ्या कोणाला पाठवलं नाही. २४ मे १९४८ ला ते स्वतः डाकोटा घेऊन निघाले. सोबत श्रीनगर डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल थिमय्या बसले. थिमय्यांबद्दल आपल्या पिढीला सांगायला नको. सैन्याला लेह राखायचं होतं आणि त्यासाठी माणसं विमानाने न्यायची होती. ती माणसं ज्या विमानात बसणार त्यात आधी आपण बसून बघावं, असाच हिशेब सेनापतीने केला असणार. दोघं उतरले, काम झालं आणि परत आले. नकाशा नव्हता, तो या एका फेरीने तयार झाला. जूनच्या सुरुवातीला गुरख्यांची कुमक त्याच वाटेने विमानातून लेहला पोचली. लेह वाचलं. आपण ज्या डोंगरांमधून विमान वळताना रामरक्षा म्हटली ती वाट त्या दिवशी पडली आहे.

यापुढचा भाग मला लिहायला जड जातो.

लेहनंतर चार-पाच महिन्यांतच, १९४८ सालीच, मेहरसिंगांनी हवाई दलाचा राजीनामा दिला. लढाई अजून संपली नव्हती. वरिष्ठांशी मतभेद झाले होते. अशी माणसं रणांगणावर जितकी हवीहवीशी तितकीच कचेरीत अडचणीची होतात, हे मी माझ्या छोट्याशा नोकरीतही पाहिलं. नियमाच्या कागदावर एक टन लिहिलेलं असताना तीन टन उतरवून दाखवणाऱ्याचं कौतुक होतं, पण तो कागद ज्याने लिहिला त्याला ते आवडतंच असं नाही. कोण बरोबर, कोण चूक हे इतक्या वर्षांनी मी ठरवणार नाही. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ज्या दलाच्या बाल्यावस्थेत त्यांनी पाऊल टाकलं होतं, त्यातून ते बाहेर पडले एवढं खरं.

आणि इथे गंमत बघा. गंमत कसली, चुटपुट लावणारी गोष्ट आहे. स्वतंत्र भारताची स्वतःची शौर्यपदकं तोवर अस्तित्वातच नव्हती. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही तिन्ही २६ जानेवारी १९५० ला, प्रजासत्ताक झालं त्या दिवशी सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीला लागू केली गेली. पूंछ आणि लेहसाठी मेहरसिंगांना महावीर चक्र मिळालं. चांदीचं गोल पदक, त्यावर पाच टोकांचा तारा, अर्धी पांढरी अर्धी केशरी फीत. पण ते मिळालं तेव्हा गणवेश उतरून वर्षापेक्षा जास्त काळ झाला होता. मानपत्रात नोंद आहे ती हीच, की आपल्या वैमानिकांपुढे उदाहरण ठेवायला ते स्वतः सगळ्यात आधी पूंछला आणि लेहला उतरले. म्हणजे राजाने दिलेला डीएसओ आणि प्रजासत्ताकाने दिलेलं महावीर चक्र, दोन राजवटींची दोन पदकं, आणि दोन्हींचं कारण जवळजवळ एकच.

यावरून माझीच एक गोष्ट आठवते. एका तालुक्याच्या शाखेत असताना नदीला पूर आला. मी आणि आमचा शिपाई रात्री कमरेएवढ्या पाण्यातून शाखेत गेलो आणि लेजरं माळ्यावर चढवली. खरं सांगायचं तर लेजरं त्याने उचलली, मी कंदील धरला होता. वर्षभराने वरच्या कार्यालयातून प्रशस्तिपत्र आलं, माझ्या एकट्याच्या नावाने. मी एक पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही, मग मीही विषय सोडला. सोडायला नको होता. ते प्रशस्तिपत्र माझ्या कपाटात आहे, भिंतीवर कधी लावलं नाही. पूंछच्या पट्टीसाठी दगड उचलणाऱ्या त्या बायकांची नावं कुठे नाहीत. डाकोटाच्या उघड्या दारात उभं राहून बाँब ढकलणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. मेहरसिंगांसारख्या माणसाच्या पदकाबद्दल मला आदर वाटतो तो यासाठी, की कंदील धरणाऱ्याचं ते पदक नव्हे. ते स्वतः पाण्यात उतरले होते.

राजीनाम्यानंतर ते पतियाळाच्या महाराजांचे विमानविषयक सल्लागार झाले. उडणं सुटलं नाही. मार्च १९५२ मधल्या एका रात्री ते बोनान्झा नावाचं छोटं विमान घेऊन जम्मूहून दिल्लीला निघाले होते. वाटेत वादळ लागलं आणि पठाणकोटजवळ विमान कोसळलं. वयाची सदतीस वर्षं पूर्ण व्हायला काही दिवस उरले होते. टोळीवाल्यांच्या गोळ्या, जपानी विमानं, पूंछचा कडा आणि लेहची विरळ हवा या सगळ्यांनी ज्यांना सोडलं, ते एका साध्या रात्रीच्या प्रवासात गेले.

त्यांची सहावी स्क्वाड्रन पाकिस्तानात गेली असं वर लिहिलं. आपल्या हवाई दलाने १९५१ च्या जानेवारीत त्याच क्रमांकाची स्क्वाड्रन पुन्हा उभी केली, आणि ती कुठे? आपल्या पुण्यात. लिबरेटर जातीची मोठी बाँबफेकी विमानं घेऊन. माझं लहानपण लोहगावकडून येणाऱ्या विमानांच्या आवाजात गेलं. आवाज आला की आम्ही पोरं अंगणात धावायचो. त्या विमानांचा आराकानशी काही संबंध असेल हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणाऱ्यालाही माहीत नसावं. अलीकडे, २०१८ मध्ये, हवाई दलाने थव्याने उडणाऱ्या ड्रोनांची एक स्पर्धा जाहीर केली. दुर्गम ठिकाणी आपत्तीत अडकलेल्यांना मदत पोचवता यावी हा तिचा हेतू. तिला नाव दिलं मेहरबाबा यांचं. कोणी तरी आठवण ठेवून नाव दिलं, बरं वाटलं.

परतीच्या दिवशी लेहला वारं सुटलं आणि आपलं विमान चार तास उशिरा निघालं, ते आठवतं ना? आपल्यापैकी काहींनी काउंटरवर बराच वाद घातला. मीही घातला. तेव्हा हे सगळं वाचलेलं नव्हतं.

समितीने लेखासोबत फोटो मागितला होता. मी धावपट्टीचा एक काढायला गेलो होतो, पण तो लष्करी विमानतळ आहे, जवानाने हात वर करून थांबवलं. त्यामुळे फोटो नाही.